सासूबाईंची वेणी

इको गाडीचं सरकतं दार माझ्या वेणीवर बंद झालं, त्याला आता वर्ष होत आलं. चौक फाट्याला मी शाळेसाठी उतरले, मागच्या बाईनं धाडकन दार ओढलं आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली. मी रस्त्यावर आणि वेणीचं टोक गाडीत. मान तिरकी करून, एका हातानं वेणी आणि दुसऱ्या हातानं पर्स धरून मी गाडीबरोबर पळत सुटले. टपरीवरच्या माणसांनी बोंब ठोकली तेव्हा कुठं गाडी थांबली. दार उघडल्यावर ड्रायव्हर मलाच म्हणाला, "ताई, केस सांभाळायचे ना." त्याला मी जे उत्तर दिलं ते शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. पण दिलं, आणि बरं वाटलं.

संध्याकाळी मी खालापूरला घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी मला खांद्याला धरून पाठमोरं केलं, वेणी सोडली आणि उजेडाकडं धरून एकेक बट तपासली. "वाचले गं बाई," त्या म्हणाल्या, "टोकालाच तुटलेत जरा. तेल लावलं का येतील." मग त्यांनी वेणी पुन्हा घातली आणि मी चहा ठेवला. माझी मान उजवीकडं वळत नव्हती. ती कशी आहे हे कुणीच विचारलं नाही. नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर होता. तो उशिरा आला, जेवला, "उतरताना मागं बघत जा" म्हणाला आणि झोपला. मागं बघायला मान वळली असती तर बघितलं असतं.

माझं लग्नच मुळी केसांवर ठरलं. बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी माझ्या आईची परवानगी न घेताच माझा अंबाडा सोडला होता. केस गुडघ्याच्या खाली पडले आणि खोलीतल्या बायका गप्प झाल्या. सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला, "चेहरा गोल हाय, केस असे हायत. मधला भांग आन् एक वेणी. बस." तेव्हापासून मधला भांग आणि एक वेणी. माझा चेहरा गोल आहे हे मी तसंच धरून चालले. आरशात बघताना मीही चेहरा कमी आणि भांगच जास्त बघत असे, कारण तो वाकडा पडला तर सकाळी ऐकून घ्यावं लागायचं.

सासूबाईंचे स्वतःचे केस तरुणपणी टायफॉईडमध्ये गेले ते पुन्हा आलेच नाहीत. त्यांचा अंबाडा सुपारीएवढा. त्यामुळे माझ्या केसांवर त्यांचा जीव होता, आणि तो खोटा नव्हता. शनिवारी त्या स्वतः खोबरेल कोमट करायच्या, मला पुढ्यात बसवायच्या आणि तासभर बोटं चालवायच्या. शेजारणी म्हणायच्या, अशी सासू नशिबानं मिळते. म्हणजे मला तक्रार करायचीही सोय नव्हती. उन्हाळ्यात डोकं ठणकायचं, धुतलेले केस संध्याकाळपर्यंत वाळायचे नाहीत, उशी ओलसर राहायची. पण लोक केसांसाठी गोळ्या खातात आणि हिला मिळालेत तर नको झालेत, असं ऐकावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि पाहुणे आले की, "सोड गं जरा." हळदीकुंकू असो, बारसं असो, लांबची कुणी आत्या सहज टेकलेली असो. मी पाठमोरी उभी राहायची आणि बायका केस हातात घेऊन वजन बघायच्या. बाजारात म्हशीचे दात बघतात तशा. "आमच्या सुनेचे केस," असं सासूबाई म्हणायच्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी. पाठमोऱ्या बाईला काय विचारायचं असतं, म्हणून कुणी काही विचारायचंही नाही.

गाडीच्या प्रकारानंतर महिनाभरानं मी ठरवलं. आमच्या शाळेत एक नवी बाई आली होती, तिचे केस हनुवटीच्या रेषेत सरळ कापलेले. तसेच हवेत, असं मी मनाशी पक्कं केलं. खोपोलीत पार्लर पुष्कळ, पण तिथं खुर्चीत बसलेली प्रत्येक दुसरी बाई आमची कुणीतरी लागते. म्हणून शाळा सुटल्यावर मी उलट्या दिशेची गाडी धरून कर्जतला गेले. घरी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी केस कापायला चोरून जायचं, याचा मला वाटेत इतका राग येत होता की शेजारी बसलेल्या बाईनं "ताई, बरं नाय का?" म्हणून विचारलं.

बाजारामागच्या गल्लीतलं ते पार्लर एका खोलीचं. चालवणारी बाई माझ्याच वयाची, बडबडी. तिनं माझी वेणी सोडली, पाणी मारलं, गळ्याशी कापड बांधलं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "गोल हाय चेहरा."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "हनुवटीपर्यंत सरळ कापा."

"थांबा हो, माझी एक पद्धत हाय." तिनं सगळे केस मागं घेऊन टॉवेलमध्ये बांधले. खणातून टिकल्यांचं पाकीट काढलं. "हलू नका. एक डोळा झाका." आणि आरशात माझा चेहरा दिसत होता त्याच्या कडेकडेनं ती काचेवर टिकल्या लावत गेली. कपाळाच्या वर एक, दोन्ही कानशिलांशी एकेक, गालफडांशी, जबड्याच्या कोपऱ्यांवर, हनुवटीखाली. मी हलले म्हणून दोन टिकल्या काढून पुन्हा लावल्या. मग मला खुर्चीत मागं सरकायला सांगितलं. काचेवर लाल टिकल्यांचा चेहरा राहिला, आत मी नव्हते.

तो गोल नव्हता. जबड्याच्या कोपऱ्यांवरच्या दोन टिकल्या लांब लांब, जवळजवळ कपाळाएवढ्याच रुंदीवर. चांगला ठसठशीत चौकोन.

"अगं बाई, जबडा हाय तुमाला," ती म्हणाली. "मंग मीच चुकले. अंगानं भरल्यात ना, म्हून गोल वाटतंय."

हा जबडा माझ्या वडिलांचा. ते जेवताना तो हलायचा, ते लहानपणी मी बघत बसायची. तो माझ्या तोंडावर आहे, हे मला एका परक्या बाईनं टिकल्या लावून सांगावं लागलं. मला रडू आलं. का आलं ते तिला सांगता येईना, म्हणून डोळ्यात पाणी गेलं म्हटलं.

मग ती कामाचं बोलायला लागली. चौकोनी चेहऱ्याला सरळ कापलेले आखूड केस नकोत. केसांची रेघ जबड्यापाशी संपली की जबडा अजून रुंद दिसतो. कपाळावर सरळ झुलपंही नकोत. भांग मधला नको, बाजूनं. पुढून केस जबड्याच्या खाली उतरू द्यायचे, टोकं थोडी कमीजास्त, म्हणजे कडा मऊ होते. मागून मात्र मानेपर्यंत आखूड, "वारं लागंल तुमाला." गोल चेहरा असता तर डोक्यावर उंची दिली असती, उभा असता तर कपाळ झाकलं असतं. शाळेतल्या बाईचे केस तिच्या निमुळत्या हनुवटीला शोभतात, ते मला शोभले नसते. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाचा एवढा विचार कुणी केला नव्हता, मी सुद्धा.

तिनं कात्री घेतली आणि थांबली. "ताई, लग्न झालंय ना? मंग घरी फोन लावा एकदा."

"कशाला?"

"खांद्याच्या वर केस घ्यायचे तर घरनं कोणाचंतरी हो लागतं. माझा नियम हाय." मागं एका सुनेचे केस तिनं असेच कापले होते. दुसऱ्या दिवशी सासू कापलेले केस पिशवीतून घेऊन आली आणि पार्लरच्या पायरीवर बसून दुपारपर्यंत शंख करत राहिली. लगीनसराईतली गिऱ्हाईकं परत गेली. "तुमी जाल तुमच्या गावाला. मी हितंच हाय."

मी भडकले. माझं वय सांगितलं, नोकरी सांगितली, डोकं माझं आहे हेही सांगितलं. ती सगळ्याला मान डोलवत होती आणि कात्री खाली धरून उभी होती. गळ्याशी कापड बांधलेलं, केस ओले, समोर काचेवर माझा चौकोन. उठून जायचं तर ओले केस घेऊन घरी काय सांगायचं? मीटिंगमध्ये भिजले? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी नवऱ्याला फोन लावला.

"आईला विचारलंस का?" तो म्हणाला. मागं यंत्रांचा आवाज. "तू आधी आईला विचार." आणि फोन ठेवला.

मग सासूबाईंना. पार्लरवालीनं फोन स्पीकरवर टाकायला लावला. मी सांगितलं. पलीकडं बराच वेळ टीव्हीचाच आवाज. मग सासूबाई म्हणाल्या, "घरात कोण मेलंय का केस कापायला?"

"आई, मान दुखते माझी. भार होतो."

"मान कोणाची दुखत नाय? मुकाट घरी ये. मी तेल लावते."

फोन बंद झाला. पार्लरवालीनं कापडाची गाठ सोडायला हात पुढं केला. मी तिचा हात धरला. "राहू दे," मी म्हटलं. नुसतंच राहू दे. पुढं काय ते मलाही माहीत नव्हतं. खुर्चीतून उठवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

ती माझ्याकडं आरशातून बघत राहिली. मग तिनं केस एकत्र घेऊन घट्ट वेणी घातली, वर रबर लावलं, खाली रबर लावलं आणि कात्री माझ्या मांडीवर ठेवली. "वेणी मी कापत नाय," ती म्हणाली. "पण कापून आलेल्या बाईला आकार द्यायला लागतो. तिला काय परत पाठवायची का?" आणि पाठ वळवून ती टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

वेणी एका झटक्यात कापते असं मला वाटलं होतं. कापत नाही. कात्री आत जाते आणि अडकते. करकर करत, हात दुखेपर्यंत मी थोडी थोडी कापली. शेवटची बट तुटली तेव्हा डोकं आपोआप पुढं झुकलं, इतकं ते ओढलेलं राहायला शिकलेलं होतं.

बाकीचं काम तिनं झपाट्यानं केलं. बाजूनं भांग, पुढं जबड्याखाली दोन झुकत्या कडा, मागं मान उघडी. आरशात एक ठाम बाई बसली होती. सुंदर म्हणणार नाही. पण माझीच होती, वडिलांची लेक. निघताना वेणी मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली. फेकवेना.

घरी सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी कागद उलगडला, वेणी मांडीवर घेतली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहिल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. नवऱ्यानं बघितलं, "बरंय" म्हणाला आणि आईकडं बघून आत गेला. आठवडे गेले तरी तेच. मला हाक मारताना त्या भिंतीशी बोलायच्या. कपाटातून वेणी मात्र निघायची. दर शनिवारी त्या तिला तेल लावायच्या. पाहुणे आले की बाहेर आणायच्या, "आमच्या सुनेचे केस." बायका वजन बघायच्या. एकदा त्यांची एक मावसबहीण आली, वेणीवरून हात फिरवत म्हणाली, "आन् सून कुठाय मंग?" मी तिच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "हाय की." डोक्यावरचं ओझं गेलं आणि मी होते तिथंच होते. सुटले म्हणून घरी आले आणि वेणीनं माझी जागाही घेतली.

त्या शनिवारी सासूबाईंनी तेल कोमट केलं, वेणी पुढ्यात घेतली. माझं डोकं फिरलं. मी जाऊन वेणी उचलून बाजूला ठेवली आणि त्यांच्या पुढ्यात, नेहमीच्या जागी, पाठ करून बसले. "मला लावा," मी म्हटलं. भांडायच्याच आवाजात म्हटलं.

मग सवयीनं त्यांचा तेलाचा हात टाळूवर आला, मागं आला, खाली उतरला. खाली केस नव्हते. हात मानेवर आला आणि थांबला. अंगठ्यानं त्या उजव्या बाजूला चाचपडत राहिल्या.

"हितं गाठ हाय गं तुला," त्या म्हणाल्या. "दगडासारखी. कधीपासनं?"

"गाडीच्या दारात वेणी अडकली तेव्हापासून."

"बोलली नाईस कधी."

"तुम्ही केस बघत होता."

तेल ओघळून माझ्या गाऊनच्या गळ्यात गेलं. अंगठा त्या गाठीवर जोरात फिरत होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. मला उठायचं होतं. उठले नाही.