रिबीन बांधलेलं शौचालय

"पाहुणे जाईपर्यंत तुमची पोरं स्टोअररूममध्ये. आवाज बाहेर यायला नको."

मुख्याध्यापिका सगळ्या स्टाफसमोर बोलल्या. हातात आरतीचं ताट. मग मला वरून खाली न्याहाळून म्हणाल्या, "आणि तुम्हीपण आतच बसा. मांडवात तुमचं काय काम?"

स्टाफ हसला. मीही हसले. ते माझं हसणं अजून खुपतं.

मी कंग्राळी गावची, शेतकऱ्याची पोर. शिकून विशेष मुलांची शिक्षिका झाले. पण बेळगावातल्या या शाळेत मला कोणी टीचर म्हणत नाही. 'येड्यांच्या बाई' म्हणतात, तेही मला ऐकू जाईल असं.

वर्गात सात मुलं. कोणी चावतं, कोणी दिवसभर पंख्याकडे बघत बसतं. माझ्या मनगटावर दातांचे वण आहेत. एक गोष्ट शिकवायला वर्ष जातं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पोर परत होतं तिथंच. वैताग येतो. मंडईत भाजी विकली असती तर संध्याकाळी पाटी रिकामी झालेली तरी दिसली असती.

वडगावची गौरा नऊ वर्षांची. आईबाप दोघंही घरातल्या यंत्रमागावर. पोर बोलत नाही, सगळं कपड्यातच व्हायचं. आठ महिने तिला एकच शिकवलं. शू लागली की माझा पदर ओढायचा. तिनं पहिल्यांदा ओढला त्या दिवशी मी तिला घेऊन पळत सुटले, आणि परत आल्यावर फळ्याकडे तोंड करून रडले. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आणि त्या दिवशीचा समारंभ कशाचा? याच मुलांसाठी बांधलेल्या शौचालयाचा. देणगीदारांनी बांधून दिलेलं, आत धरायला दांडे. महिनाभर कुलूप, कारण उद्घाटन व्हायचं होतं. पाटीवर कन्नड अक्षरं केवढी आणि मराठी केवढी, यावर पंधरा दिवस भांडण. ज्यांच्यासाठी पाटी, त्यांतल्या एकालाही वाचता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मुलांना स्टोअररूममध्ये मीच नेलं. कडी मीच लावली. हे लपवणार नाही.

बाहेर भाषण सुरू झालं. गौरानं पदर ओढला. "थांब गं बाळ," मी म्हटलं. ती थांबली. पुन्हा ओढला. पुन्हा थांब. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आठ महिने मी तिला हेच पटवलं होतं की तू माग, मी उठते. आता पाहुण्यांच्या भीतीनं मी तिला शिकवत होते की मागून उपयोग नसतो.

माझ्या अंगाची आग झाली. कडी काढली, गौराचा हात धरला आणि मांडवातून सरळ निघाले. मागोमाग बाकीची सहाही. कोणी ओरडत, कोणी टाळ्या पिटत.

कुलूप काढून दाराला रिबीन बांधलेली. मुख्याध्यापिका आडव्या आल्या.

"बाई, अजून उद्घाटन व्हायचंय!"

"पोरीला लागलीया, मॅडम. तिला न्हाय कळत उद्घाटन."

"मागं फिरा."

"न्हाय."

रिबीन हातानंच तोडली. कात्री ताटात तशीच राहिली. फेटे बांधलेले पाहुणे बघत बसले. गौरा आत जाऊन आली. कपडे कोरडे.

पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापिकांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "माफी लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका. तुमच्यासारख्या छप्पन्न मिळतात."

मिळत नाहीत. माझ्याआधीच्या दोघी महिन्याच्या आत पळाल्या होत्या.

कागद कोराच परत दिला. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी वर्गात हजर होते. रोज जाते. एक दिवस काढतील मला. काढू देत, पण लेखी काढू देत, कारण लिहून. तोवर माझ्या वर्गातलं पोर मागेल तेव्हा मी उठणार. मग समोर मंत्री बसलेला असो, नाहीतर शाळेचा मालक.