चवताईच्या जिभेची परीक्षा

“मीठ जास्त झालंय.”

“मीठ बरोबर आहे. तुमची जीभ बिघडलीय.”

“माझा हात बिघडलाय. जीभ शाबूत आहे, म्हणून तर बोलतोय.”

“बोलायला जीभ लागते, चवीला मेंदू लागतो. आणि तुमच्या मेंदूत काय झालं ते डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलंय. वाद घालू नका, सूप प्या.”

“हे सूप? समुद्रात बुडी मारून तोंड उघडलं तरी एवढं खारट पाणी मिळायचं नाही!”

पेंटरने चमचा वाटीत सोडला. ठेवला नाही, सोडलाच. उजव्या हाताची पकड अजून स्वतःच्या मर्जीने यायची आणि मर्जीने जायची. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. शिडीवर चढून, ओठात ब्रश धरून, एका श्वासात हातभर लांब रेघ ओढणारा माणूस. मग एका सकाळी दाढी करताना मेंदूला झटका आला आणि उजवा हात पाहुण्यासारखा वागायला लागला. आहे म्हणायला आहे, पण कामाला हात लावत नाही.

डावा हात ठणठणीत होता, पण त्याला कोंडून ठेवलं होतं. दिवसाचा बराच वेळ त्यावर जाड, बोटं नसलेला हातमोजा चढवायचा, असा व्यायामवाल्या बाईंचा हुकूम होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरात एक कर्ता भाऊ असला की दुसरा खाटेवरून उठत नाही. कर्त्याला खोलीत कोंडा, की आळशी आपोआप बाजारात जातो. हल्ली जगभर असंच करून बघतात आणि मेंदू म्हणे बंद पडलेल्या रस्त्याशेजारून नवी पायवाट पाडतो. पेंटर त्या हातमोज्याला ‘बेडी’ म्हणायचा आणि व्यायामवालीला ‘जेलरबाई’.

“वन्सं, तुम्हीच सांगा,” चवताई नणंदेकडे वळली. “हे खारट आहे का?”

वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या आणि खालच्या मजल्यावर वावरायच्या. पेंटरची ही थोरली बहीण. त्या कोचावर पाय मुडपून, भांडण मन लावून ऐकत होत्या.

“मला नका ओढू. माझा उपास आहे तुमच्या घरच्या सूपचा,” वन्सं म्हणाल्या. “परवा दोन चमचे घेतलं आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. आपला तो बाळ्या. मी त्याच्याच बाजूने बोलणार, असं तू म्हणशीलच.”

चवताईला हे फार लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने खांदे उडवले असते. पण मिठावरून, आणि तिला?

तिला ‘चवताई’ म्हणायचे ते काही लाडाने नव्हे. खाद्यपदार्थांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत ती चव घेणारी होती. तरुणपणी मैत्रिणीच्या नादाने गेली, बिस्किटं फुकट मिळतात म्हणून, आणि तिथलीच होऊन बसली. तिथे एका ओळीत छोटी छोटी कपाटांसारखी खोपटी होती. प्रत्येकात एक खुर्ची, समोर सरकती खिडकी, वर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी, की पदार्थाचा रंग दिसू नये आणि डोळ्यांनी जिभेच्या कानात काही कुजबुजू नये. खिडकी सरकायची, तीन पेले पुढे यायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला? एवढंच सांगायचं. मधे पाण्याने चूळ, अळणी बिस्किटाचा तुकडा, पुन्हा तीन पेले. चवताई पेला ओठांना लावायची, डोळे मिटायची आणि बोट ठेवायची. बाकीच्यांचं चुकायचं, तिचं चुकत नसे. नव्या लोकांच्या जिभा तिच्या जिभेवरून लावून घेत, भिंतीवरच्या घड्याळावरून मनगटावरचं लावतात तशा.

सध्या तिथे काम चाललं होतं सूपचंच. झटका आलेल्या पुष्कळ लोकांना गिळता येत नाही. पातळ पाणी भलत्या नळीत जातं, ठसका लागतो, म्हणून त्यांना सगळं दाट करून द्यावं लागतं. दाट केलं की चव दबते. दबली म्हणून मीठ वाढवावं तर रक्तदाब चढतो. या कचाट्यातून प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी वाट काढली होती. सूपला असा वास द्यायचा की नाक मेंदूला सांगेल ‘बघ, किती खमंग!’ आणि मेंदू थोडक्या मिठावर खूश होईल. गेला महिनाभर चवताई खिडकीतून एकच सांगत होती, “अजून अळणी लागतंय, मॅडम.” दोन नव्या मुली म्हणाल्या, “नाही हो, खारट आहे.” त्यांना चवताईनेच झापलं होतं. “चिप्स खाऊन खाऊन जिभा बथ्थड झाल्यात तुमच्या!” मॅडमनी मुलींकडे पाहिलं, चवताईकडे पाहिलं आणि मीठ वाढवलं. आता शेवटची चाचणी शुक्रवारी होती. त्यात ठरेल ते सूप पेंटर ज्या केंद्रात व्यायामाला जायचा, तिथे जेवणात सुरू होणार होतं.

अशा बाईला तिच्याच जेवणाच्या टेबलावर मिठावरून बोलायचं!

“ठीक आहे,” चवताई उठली. अंगातला स्वेटर तिने घट्ट ओढून घेतला. खिडक्या उघड्या होत्या, पंखा फिरत होता, वन्सं वारा घेत होत्या, आणि हिला थंडी. “दूध का दूध करूनच टाकू. वन्सं, स्वयंपाकघरात जा. तीन वाट्या घ्या. दोनांत सूप सारखं, एकीत चिमूटभर मीठ जास्त. कुठलीत ते आम्हाला कळता कामा नये.”

“आणि मी विसरले तर?”

“खूण करा काहीतरी.”

वन्संनी आतून खुडबुड केली, एक झाकण पाडलं, कुणालातरी शिव्या दिल्या आणि ताटात तीन वाट्या घेऊन आल्या. प्रत्येकीच्या काठाला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा लावला होता. लाल, निळा, पिवळा.

“हे काय, वाट्या वाळत घातल्या?” पेंटर म्हणाला.

“तू गप्प बस आणि पी. कुठली वेगळी, तिचा चिमटा काढ.”

“डाव्या हातावर बेडी आहे.”

“मग उजव्याने काढ! जेलरबाई खूश होईल.”

पेंटरने तिन्ही वाट्यांतला चमचा चमचा चाखला. मग उजवा हात पुढे निघाला. तो आधी निळ्यावर गेला, तिथून घसरून ताटाच्या काठावर आदळला, मग पिवळ्याकडे डुगडुगत निघाला.

“नक्की कुठली? तुझा हात तर गावभर फिरतोय,” वन्सं म्हणाल्या.

“थांब गं जरा. वाट शोधतोय तो.”

अंगठा आणि तर्जनी पिवळ्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बसली. पेंटरच्या कपाळावर शीर उभी राहिली. व्यायामाच्या खोलीत असाच चिमटा त्याने पुष्कळदा दाबून पाहिला होता आणि दर वेळी चिमटाच जिंकला होता. आता बोटं थरथरली, पांढरी पडली, आणि चिमट्याने आ वासला. वाटीवरून सुटला. पेंटरने तो वर उचलून धरला, एखाद्या मोठ्या माशासारखा.

“अहो!” चवताई ओरडली. “अहो, उघडला! वन्सं, पाहिलंत? बोटांनी उघडला!”

“पाहिलं, पाहिलं! अरे बाळ्या, गुलामा!” वन्संनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की चिमटा उडून कोचाखाली गेला.

तिघंही वेड्यासारखी हसत होती. मग पेंटरनेच विचारलं, “बरोबर आहे का पण?”

“बरोबर. पिवळीच,” वन्सं म्हणाल्या. “आता तू, चवताई.”

चवताईने स्वतः पाठ फिरवून त्यांना कोचाखालचा चिमटा काढून वाट्यांच्या जागा आणि चिमटे बदलायला लावले. चूळ भरली. पहिली वाटी, डोळे मिटून. दुसरी. तिसरी. मग पुन्हा पहिली. आत कुठे काही हललंच नाही. तीन वाट्या म्हणजे एकाच घराची तीन बंद दारं. तिने बोट ठेवलं. लाल.

वन्संनी पेंटरकडे पाहिलं.

“लाल नाही?”

“निळी होती गं.”

“मिसळलं नसेल नीट. पुन्हा करा.”

पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. वन्सं वैतागल्या. “मी जरा ठळकच करते,” म्हणत आत गेल्या आणि परत आल्या. या वेळी आधी पेंटरने चाखलं. दुसऱ्या वाटीशी त्याने तोंड वेडंवाकडं करून घोट रुमालात थुंकला आणि पाण्याचा पेला मागितला.

चवताईने तीच वाटी घेतली. जिभेवर घोळवली.

“हां,” ती म्हणाली. “ही जरा बरी झालीय.”

पेंटर खो खो हसला. “बरी झालीय! अख्खा चमचा टाकला असेल ताईने!” मग बायकोचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यात विरलं.

चवताई वाटीत बघत होती. पेंटरला रोज हेच पाजलं आपण, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, लाल दिव्याखालच्या सूपचं, त्या दोन मुलींचं. तिने वाटी खाली ठेवली. पुढचा बराच वेळ ती सिंकपाशी भांडी घासत राहिली, घासलेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वन्संनी तिला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. “माझी तक्रार जिभेची आहे,” असं चवताई सांगत होती, तर डॉक्टर भलतंच विचारत बसले. थंडी वाजते? वाजते. थकवा? नवऱ्याचं करून करून आलाय. झोप? बसल्या जागी. केस? कंगव्यात. आवाज असाच घोगरा होता? वन्सं मधेच म्हणाल्या, “पूर्वी कोकिळा होती असं नाही, पण कावळा मात्र आत्ताच झालाय.” डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आल्यावर हसून म्हणाले, “गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तुमचं फुलपाखरू झोपलंय. ते झोपलं की सगळं घरच पेंगतं, जीभसुद्धा. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.”

“जीभ परत येईल?”

“बहुतेक येते. हळूहळू. घाई नाही चालत तिला.”

“कधी?”

“काही आठवडे, कदाचित महिने. आत्ता शब्द देत नाही.”

आणि परीक्षा तर शुक्रवारी.

त्या सकाळी घरात पुन्हा दोन पक्ष पडले होते.

“तोंडातून चकार शब्द काढू नकोस,” वन्सं सांगत होत्या. “गोळी सुरू झालीय ना? चार दिवस कळ काढ. त्या खिडकीत अंदाजाने बोट ठेव. तीनातलं एक कधीतरी बरोबर येतंच. इतक्या वर्षांची खुर्ची आहे. एकदा उठलेल्याला परत कुणी बसवत नाही.”

“ताई, ते सूप कुणाच्या ताटात येणार?” पेंटर म्हणाला.

“तू पिऊ नकोस! तुला तोंड आहे नाही म्हणायला.”

“मला आहे. माझ्याशेजारी व्यायामाला मास्तर येतात. त्यांची वाचा गेलीय. खारट आहे हे ते कोणाला सांगणार? चमचा पुढे आला की बिचारे तोंड उघडतात.”

“अरे, पण मॅडम काय म्हणतील? इतके दिवस मीठ वाढवायला लावलं हिने!”

“वन्सं, मॅडम ओरडतील त्याचं काही नाही,” चवताई आरशासमोरून म्हणाली. घोगऱ्या आवाजात, पण हसत. “त्या दोन मुलींसमोर काय तोंड दाखवू? चिप्सवरून काय काय बोलले त्यांना! आता त्याच माझी जीभ तपासायला बसतील.”

“मग बसू दे की,” पेंटर म्हणाला. “माझा हात जेलरबाई तपासते. मेलो का मी?”

“तुमचा हात गेला तरी तुम्ही पेंटरच. माझी जीभ आली नाही परत, तर मी कोण हो?”

पेंटर बेडीचा पट्टा दातांनी ओढत बसला.

“हेच म्हणते मी!” वन्सं सरसावल्या. “म्हणून तर गप्प बस म्हणते.”

चवताईने कंगवा ठेवला. तिची नजर कोचावरच्या वन्संच्या पर्सकडे गेली. पर्समधून गुलाबी सेंटची बाटली डोकावत होती. वन्संच्या आधी त्यांचा वास घरात यायचा तो याच बाटलीतून. चव घेणाऱ्यांना मात्र चाचणीच्या दिवशी वासाचं काही म्हणजे काही चालत नसे. सेंट नाही, वासाचं तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. एकाच्या अंगाचा वास सगळ्यांच्या नाकात बसतो, म्हणून अशा माणसाला दारातूनच परत पाठवायचे, मग तो कितीही मोठा असो. पेंटरने लग्नानंतर हौसेने आणलेला सेंट चवताईने नोकरीला लागताच वाटून टाकला होता. तेव्हापासून तिच्या अंगाला कसलाही वास म्हणून नव्हता.

तिने बाटली काढली. टोपण उघडलं. मानेवर एक फवारा. दोन्ही मनगटांवर. जरा विचार करून स्वेटरच्या बाह्यांवर, आणि मग एक केसांवर.

“अगं, अगं!” वन्सं ताडकन उठल्या. “वेड लागलं का? तुला खुर्चीच्या आसपास तरी उभं करतील का आज?”

पेंटरने नाकाने लांब श्वास घेतला आणि त्याचा चेहरा पाटीवरच्या ताज्या रंगासारखा उजळला. “ताई, बस तू खाली.”

“काय बस? माझी अर्धी बाटली संपवली हिने! अगं, तिथे पोचल्यावर मोह झाला, बसावंसं वाटलं, तरी आता दारातूनच परत पाठवतील!”

चवताईने चपला घातल्या. पिशवी खांद्याला लावली.

“तू मॅडमना आधी सांगणार की त्यांना वास आल्यावर?” पेंटरने विचारलं. “अगं, ऐकतेस का? आणि जेवणाचं काय? आज सूप मी करू का?”

तिने दार उघडलं आणि मागे न बघता, गुलाबाचा घमघमाट जिनाभर सांडत, खाली उतरून गेली.