पाहुण्यांची खोली

मी टाइल्स विकते. दुकानात बसून नव्हे. कंपनीची माणूस म्हणून आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर लोकांकडे जायचं, बॅगेतले सँपलचे तुकडे त्यांच्या टेबलावर मांडायचे आणि त्यांनी बांधत असलेल्या घरांत आमचा माल घालावा म्हणून गोड बोलायचं, हे माझं काम. गोड बोलणं मला जमत नाही हे साहेबांना पहिल्याच वर्षी कळलं. तरी तळा तालुक्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा पट्टा माझ्याच गळ्यात पडला, कारण या रस्त्यांवर स्कूटर घालायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुढे टाइल्सबरोबर नळ आणि दारांची हँडलंही आली. बॅग जड झाली, पाठ धरली, पण पट्टा मी सोडला नाही.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. नवी मुंबईची एक डिझायनर सगळी बॅग अंगणात पसरायला लावायची, प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायची, ते फोटो कुणाकुणाला पाठवायची आणि शेवटी पांढरी घ्यायची. दर वेळी पांढरी! तिच्यापुढे हसून बसणं म्हणजे माझी शिक्षाच होती. पण पोर चांगली होती, जेवल्याशिवाय सोडायची नाही.

आणि एक होते सर. बोर्ली पंचतनच्या बाजारात, किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. मागच्याच खोलीत राहायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं सँपल जमिनीवर ठेवलं, चप्पल काढली आणि त्यावर उभेच राहिले. म्हणाले, पायांना काय वाटतं ते बघू दे. मला अशी तिडीक गेली! नवं कोरं सँपल, आणि हे बाबा बाजारातून आलेल्या पायांनी त्यावर उभे. मी सांगून टाकलं, बघून झालं की पुसून द्या. ते खो खो हसले आणि खरंच जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून दिलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

सरांची थोरली बहीण दिवेआगरला, सुपारीच्या वाडीत. सगळं गाव त्यांना ताई म्हणतं, मीही म्हणते. यजमान गेलेले, मुलगी बडोद्याला. मागे मोठं वादळ झालं त्यात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि घराचं छप्पर उडून शेजारच्या विहिरीवर पडलं. पत्रे टाकून ताईंनी बरीच वर्षं काढली. मग मुलगीच मागे लागली की घर नवं बांध, चार खोल्या पाहुण्यांना दे, सोबत होईल. नकाशा अर्थातच सर काढणार होते. हे माझं शेवटचं काम, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, असं दर कामाला म्हणता. या खेपेला ते हसले नाहीत.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आर्किटेक्टनं पसंत केलेल्या तुकड्याच्या पाठीवर तो मार्करनं सही करतो. पुढे ट्रकमधून माल उतरला की त्याच तुकड्याशी ताडून बघायचा. सही झाली की विषय संपला, मग देव आला तरी फरशी बदलत नाही. ताईंच्या ओटीसाठी सरांना लाल फरशी हवी होती. त्यांनी तुकडे हाताळले, एकावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "हाच तो लाल. झकास आहे." आणि सही केली. तुकडा हिरवट करडा होता. खरखरीतपणा तेवढा लाल तुकड्यासारखा. मार्कर तुकड्यावरून उतरून टेबलावर गेला तरी सरांचा हात चालूच होता.

मी म्हटलं, सर, हा लाल नाही. ते म्हणाले, उजेड कमी आहे. भर दुपारचे बारा वाजले होते आणि खिडकी उघडी होती. मी त्यांच्या हातातून मार्कर काढून घेतला, तेव्हा मला कळलंय हे त्यांनी ओळखलं. हळूहळू सांगितलं त्यांनी. नजरेच्या मधलंच पुसत चाललंय, कडेचं तेवढं दिसतं, चष्म्याचा उपयोग नाही आणि गेलेलं परत येत नाही. हे ताईला सांगायचं नाही, अशी मला तंबी दिली. तिला कळलं तर ती मला उचलून घरी नेईल, म्हणाले. मग नेऊ दे की, मी म्हटलं, इथे या माडीवर एकटं काय करणार आहात? तेव्हा मात्र भडकले.

"जन्मभर लोकांना घरं बांधून दिली, आणि आता बहिणीच्या घरात कोपरा धरून बसू? थोरली आहे ती माझ्यापेक्षा. तिनं माझं करायचं?"

मी तुकडा उलटा केला, सही स्पिरिटनं पुसली आणि खरा लाल त्यांच्या हातात दिला. त्यावर त्यांनी पुन्हा सही केली. घरी जाताना रस्त्यात स्कूटर बाजूला लावून मी रडले. कशाला खोटं बोलू.

पुढच्या आठवड्यात नळांची सँपल दाखवायला दिवेआगरला गेले. ताई पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "त्याला किती दिसतं गो आता?" मी इकडचं तिकडचं बोलायला लागले. त्या म्हणाल्या, राहू दे, जेवताना ताटात मीठ चाचपतो, मला काय समजत नाही? मग आतून नकाशा आणला आणि मागच्या खोलीवर बोट ठेवलं. ही वयस्कर पाहुण्यांसाठी काढ, असं त्यांनी सरांना सांगितलं होतं. ती सरांसाठीच होती.

"या घराकडून मला एवढंच हवंय, त्यानं इथे राहायला यावं. पण विचारलं आणि नाही म्हणाला, तर मरेपर्यंत नाहीच म्हणेल. त्याची बायको गेली तेव्हा एकदा विचारून बसले होते. वर्षभर इकडे फिरकला नाही."

झालं! दोघांची दोन गुपितं, आणि मध्ये मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या काळात मी सरांकडे गेले की जीभ दातांत धरून बसायचे. आणि सर तर त्या खोलीवर असा जीव लावून बसले होते की बघवेना. उंबरठा नको, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो. भिंत फिकी तर दाराची चौकट गडद हवी, दार कुठे आहे ते कळलं पाहिजे. नळ असा हवा की हात लावल्यावर गरम कुठलं, गार कुठलं ते समजावं. रंगांचं मी वर्णन करायचं आणि त्यांनी ठरवायचं. मी म्हटलं, आमसुली. ते म्हणाले, ओलं आमसूल की सुकं? नीट सांग, पाहुण्यांची खोली आहे. काय बोलणार? मी ओलं म्हणून सांगितलं.

घर उभं राहिलं. फरशी बसली, बऱ्यापैकी लाल. आता सरांची एक जुनी सवय कामी आली, आणि देवाच्या कृपेनंच आली म्हणायची. कुठलंही घर मालकाच्या ताब्यात देण्याआधी ते स्वतः तिथे मुक्काम करत. डास कुठून शिरतात, सकाळचं ऊन उशीवर येतं का, मोरीचं पाणी तुंबतं का, हे राहिल्याशिवाय कळत नाही असं त्यांचं म्हणणं. तसे ते पिशवी घेऊन ताईंकडे राहायला गेले, आणि मागच्याच खोलीत उतरले. सकाळी मला फोन. कडी घट्ट बसते, मिस्त्रीला पाठव. कडी झाली तर नळ ठिबकतो. नळ झाला तर दार कुरकुरतं. दार तासून झालं तर खिडकीचं हँडल ढिलं आहे.

दुसरीकडून ताईंचा फोन. मिस्त्रीला पाठव गो, पण लगेच नको. त्याला म्हणावं आठवडाभर लागेल. मिस्त्री बिचारा बुचकळ्यात पडला होता. म्हणाला, म्याडम, काम तर कायच न्हाय तिथं. मी म्हटलं, नसू दे, तू पाना घेऊन जा आणि चहा पिऊन ये. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मला धास्ती एकच होती, की कधीतरी चुका संपतील आणि सर पिशवी उचलतील.

त्या हँडलसाठी मी स्वतः गेले. ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, कुठे काही ढिलं नव्हतं. सर खाटेवर बसले होते, पिशवी भरून पायाशी ठेवलेली. म्हणाले, झालं सगळं, आता ताबा देऊन टाकतो, तू मला बोर्लीला सोड. ताई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. एकदाचं बोला की, असं मी जवळजवळ ओरडणार होते.

"जाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "ही खोली तुझीच आहे. तुझ्यासाठीच मागून घेतली मी."

सरांनी हात लांब करून खिडकीचा गज धरला.

"ठाऊक आहे मला. पाहुण्यांच्या खोलीची खिडकी स्वयंपाकघरासमोर कोण काढतं ताई? तू हाक मारलीस तर ऐकू यावी म्हणून काढली."

"मग इतके दिवस त्या नळाच्या न् कडीच्या चुका कशाला काढत बसलास?"

"तू विचारत नव्हतीस," सर म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. मी पिशवी उघडली आणि सरांचे सदरे काढून कपाटात ठेवायला लागले. थोड्या वेळानं त्या खिडकीतून हाक आली, चहा झालाय म्हणून. सर उठले, गडद चौकटीला हात न लावता दारातून नीट बाहेर पडले आणि चहाला गेले.