श्वास सोडा

पहिल्या रविवारी काका जिना चढून आले आणि दारातूनच त्यांनी बजावलं, "मला एकच फोटो काढायचाय. तेवढा शिकवा, मग मी निघालो."

आम्ही हसलो. सायकलच्या दुकानावरची ती खोली तशी हसण्यासाठीच होती. दुकानाच्या मालकाला आम्ही सगळे सायकलवालाच म्हणतो. आठवडाभर खाली पंक्चर काढायची आणि रविवारी सकाळी वरची खोली झाडून आमच्यासाठी उघडायची, हा त्याचा क्रम. खोलीत सात-आठ खुर्च्या, एकीचं दुसरीशी नातं नाही. खिडकीसमोर दोन खिळ्यांना ताणलेली कपडे वाळत घालायची दोरी, आणि तिच्यावर लाकडी चिमटे. आठवड्यात काढलेला एक फोटो छापून आणायचा, चिमट्याला लावायचा आणि गप्प बसायचं. ज्याचा फोटो त्याच्या तोंडाला कुलूप. बाकीच्यांनी आधी सांगायचं काय दिसलं, मग सांगायचं काय दिसलं नाही. सगळ्यांचं झालं की मगच कुलूप उघडायचं. आमच्यात रीतसर शिकलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे जे काही शिकायचं ते एकमेकांच्या डोळ्यांतून. हा नियम काढला बँकेतल्या ताईने, आणि तो कुणासाठी काढला हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो किती झकास येणार होता आणि कुठे माशी शिंकली, हे सायकलवाला फोटो दाखवण्याआधीच वीस मिनिटं सांगत बसायचा.

"कुणाचा काढायचाय?" ताईने काकांना विचारलं.

"बायकोचा," काका म्हणाले, आणि आपली खुर्ची भिंतीशी बरोबर काटकोनात लावून तिच्यावर बसले.

काकांनी चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत काढली होती. अर्ध्या गावाचे गुडघे, मणके, मनगटं त्यांच्या हाताखालून गेलेली. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आमच्या कानाशी पुटपुटायचे, नाव आठवत नाही हो, पण बरगडी ओळखीची वाटते. निवृत्त झाल्यावर कपाटातला लेकीचा जुना कॅमेरा त्यांच्या हाती लागला. त्यांना वाटलं, यात काय अवघड असणार? आपण आयुष्यभर हेच तर केलं.

आणि खरंच, त्यांनी हेच केलं. पहिला महिना त्यांनी आणलेले सगळे फोटो म्हणजे एक्स-रेच. माणूस मधोमध, समोर तोंड, दोन्ही खांदे एका रेषेत, कान मोजून सारखे. इस्त्रीवाला, शेजारीण, दूधवाला, सगळ्यांच्या चेहऱ्यावर रिपोर्टची वाट बघत बसल्याचा भाव. माझाही काढला त्यांनी. आईला दाखवला तर ती घाबरून म्हणाली, काय गं, काय झालंय तुला?

कारण ताईने पकडलं. एका रविवारी काका सायकलवाल्याचा फोटो काढत होते. हनुवटी जरा वर, म्हणाले. खांदे सैल. श्वास घ्या. रोखा. हलू नका. आणि खटकन बटण दाबून, कॅमेरा खाली घेत म्हणाले, सोडा. सायकलवाल्याने श्वास सोडला, खांदे खाली आले, तो कसनुसा हसला, मान खाजवली.

"काका," ताई म्हणाली, "तुम्ही सोडा म्हणता ना, त्याच्यानंतर काढा. माणूस तेव्हा परत येतो."

काकांना पटलं, पण बोटाला पटेना. चौतीस वर्षांची सवय. 'रोखा' म्हटलं की बोट आपोआप दाबलं जायचं. मग आम्ही त्यांना अभ्यास दिला, आठवड्याला दहा माणसं, सगळी 'सोडा'नंतर. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे वहीत टिपून घ्यायचे, सातव्या माणसाला चुकलो, आठव्याला जमलं. त्यांच्या इमारतीच्या रखवालदाराचा फोटो त्यांनी दोरीला लावला तेव्हा आम्ही खुर्च्या पुढे सरकवल्या. म्हातारा नुकतंच कुणाची तरी नक्कल करून झाल्यासारखा बसला होता, एक खांदा वर, एक खाली. काय दिसलं, तर सगळ्यांना काहीतरी दिसलं. काकांना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, खांदे मात्र वरखाली झालेत.

बायकोचं सगळं त्यांनी त्याच दिवशी, जिना उतरता उतरता सांगितलं. काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी एका सकाळी चहा घेताना त्यांच्या ओठातून चहा ओघळला, आणि बघता बघता चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधं झाली, व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, जेवढं परत यायचं तेवढं आलं. डावा डोळा पूर्ण मिटत नाही, ओठाचा डावा कोपरा खालीच राहतो. तेव्हापासून काकू कुणाच्या घरी गेल्या की डावी बाजू भिंतीकडे करून बसतात आणि हातात रुमाल ठेवतात. लेक दूर असते. दर आठवड्याला फोन करते, आईला दाखवा म्हणते. काकू आवाजावरच भागवतात. दीड वर्षात लेकीने आईचा चेहरा पाहिलेला नाही. म्हणून काकांना एक फोटो हवा होता, एकच. काकू स्वतःच्या तोंडाने म्हणतील, पाठवा हा, असा.

"मग विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

"विचारलं होतं," काका म्हणाले. "मला म्हणाली, तुम्ही बघत नाही, मोजता."

त्यात काकूंचं काही चुकत नव्हतं. एक्स-रेच्या फिल्मवर आधी काय बघायचं, तर दोन्ही बाजू सारख्या आल्यात का. नसतील तर माणूस तिरका उभा होता, परत काढा. हे काकांच्या डोळ्यांत इतकं भिनलं होतं की भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर त्यांना जेवण जायचं नाही. आणि आता रोज समोर बसून चहा पिणाऱ्या बायकोच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या.

पुढे महिनाभर आम्ही खिडकीचा उजेड शिकलो. उजेड एका बाजूने आला की दुसरी बाजू कशी बुडते, हे सायकलवाल्याने एक पंप टेबलावर उभा करून दाखवलं. त्यावर पंपाने श्वास रोखलाय का, असं ताईने विचारून घेतलं. काका मात्र हसले नाहीत. ते वहीत काहीतरी काढत होते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी दोरीला एक फोटो लावला आणि खुर्चीत ताठ बसले. खिडकीशी बसलेली एक बाई वर्तमानपत्र वाचतेय. उजवा गाल, उजवा डोळा, पांढऱ्या केसांची एक बट, सगळं उजेडात न्हालेलं. बाकी अर्धा चेहरा गडद अंधारात. एखाद्या चित्रासारखा फोटो होता. काकूंना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे या त्याच असाव्यात, एवढा अंदाजच करता आला. सायकलवाल्याने मात्र ओळखलं असावं. पण तो, कधी नव्हे तो, गप्प राहिला.

काय दिसलं, याचं भरभरून कौतुक झालं. काय दिसलं नाही, याची पाळी आली तेव्हा ताई उठून फोटोजवळ गेली.

"डावी बाजू," ती म्हणाली. "ती अंधारात गेलेली नाही, कुणीतरी ठरवून घातलीय. फोटो काढणाऱ्याला त्या बाजूची भीती वाटते."

काकांच्या तोंडाला कुलूप होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुलूप उघडलं तसे ते उठले आणि जिना उतरून गेले. फोटो काढून घ्यायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तो दोरीवरच राहिला.

घोळ झाला तो दोन दिवसांनी. सायकलवाला दुसरीत काकूंच्याच वर्गात होता. भाजी घेताना त्या भेटल्या आणि याने भाबडेपणाने सांगून टाकलं, बाई, तुमचा फोटो काय सुंदर आलाय, आमच्याकडे लावलाय. काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, कुठला फोटो?

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. त्यांची खुर्ची कुणीतरी तिरकी सरकवली होती, ती कुणी सरळ केली नाही. सायकलवाला आमच्याकडे बघायचं टाळत होता.

तिसऱ्या रविवारी जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. पुढे काकू, मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेले काका. सायकलवाला ताडकन उठला, खुर्ची फरशीवर करकरली.

"ओढू नकोस, उचल," काकू म्हणाल्या. चाळिशीच्या त्या माणसाने खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

काकू सरळ दोरीपाशी गेल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. रुमाल हातात होता, पण ओठाशी नव्हता. मग आमच्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, इथला काहीतरी नियम आहे म्हणे. ताईने सांगितला. त्यांनी दोनदा विचारून नीट समजून घेतला, आणि काकांकडे बोट केलं.

"म्हणजे आता यांना बोलता येणार नाही."

"नाही," ताई म्हणाली.

"बरं." त्या परत फोटोकडे वळल्या. "काय दिसलं ते सांगते. दोन दिवस माझी खुर्ची खिडकीशी सरकवत होते. म्हणाले, तुला वाचायला उजेड बरा. मला बरं वाटलं होतं. आता काय नाही दिसलं. सगळ्या जगापासून मी ही बाजू झाकते. घरात झाकत नव्हते. तेवढं एकच ठिकाण होतं मला. यांनी तिथेही झाकली."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. काका खाली मान घालून कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. कुलूप उघडा असं कुणी त्यांना म्हटलं नाही.

काकूंनी एक खुर्ची उचलली, हो, उचलली, आणि खिडकीपाशी ठेवली. बसल्या. मग जागच्या जागी वळून डावा गाल उजेडाकडे केला. मिटत नसलेला डोळा, खाली राहिलेला ओठाचा कोपरा, सगळं उजेडात आलं. मला नजर वळवावीशी वाटली आणि त्याच क्षणी कळलं की तेच करायचं नाहीये.

"काढा," त्या म्हणाल्या.

काका समोर आले. कॅमेरा डोळ्याला लावला. दोन पावलं मागे गेले, एक पाऊल पुढे आले. सवयीने त्यांचा हात हनुवटी सरळ करायला पुढे झाला.

"हात खाली."

हात खाली गेला.

"श्वास घे," काका पुटपुटले. बोलायला बंदी होती, पण ताईने काही म्हटलं नाही.

"मी घेतेच आहे," काकू म्हणाल्या. "अडकलाय तुमचा. सोडा तो."

काकांनी श्वास सोडला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला, लांबलचक, जड काहीतरी खाली ठेवल्यासारखा. त्यातच कुठेतरी बटण दाबलं गेलं. दुसरा फोटो त्यांनी काढला नाही आणि काकूही उठल्या. जाताना त्यांनी दोरीवरचा जुना फोटो काढला, पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, उजवा गाल बरा आलाय, राहू दे घरी.

पुढच्या रविवारी दोघं वेळेवर हजर. काकांनी नवा फोटो चिमट्याला लावला. फोटो जरा तिरका लोंबत होता. काकांचा हात तो सरळ करायला गेला, पण काकूंनी नुसतं पाहिलं आणि हात खिशात गेला.

काकू मधोमध नव्हत्या, एका कडेला होत्या. खिडकीची चौकट कललेली. चेहऱ्याची उजवी बाजू हसू दाबत होती आणि डावी तिच्या कामात भाग घेत नव्हती. डोळे थेट समोर, पाढा म्हणताना अडकलेल्या मुलाला थांबून वेळ द्यावा, तसे. आणि सगळ्यावरच एक बारीकसा धूसरपणा, कडा किंचित दुहेरी.

सगळ्यांनी आपापलं सांगितलं. सायकलवाला म्हणाला, मला दुसरीचा वर्ग दिसला, आणि नाही दिसली ती फक्त छडी. ताईने या वेळी फार काही काढलं नाही. म्हणाली, बघितल्यासारखा आहे, एवढंच. शेवटी काकूंची पाळी आली. त्या उठून दोरीजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघत राहिल्या.

"काय दिसलं," त्या म्हणाल्या. "तोंड वाकडं आहे, ते दिसलं."

काकांचा खिशातला हात आणखी आत गेला.

"आणि काय नाही दिसलं..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मी ते लपवतेय, असं काही दिसत नाही."

मग पर्स उचलून, काकांकडे न बघताच म्हणाल्या, "पाठवा तिला हा."

ताईने काकांकडे पाहून मान हलवली. कुलूप उघडलं होतं. आता काका काय म्हणतात म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. काका पुढे झाले, फोटोत नाक खुपसलं, चौतीस वर्षांच्या डोळ्यांनी एकेक कड तपासली, आणि अपराधी चेहऱ्याने वळले.

"अगं, हललाय हा. परत काढू?"

"काही परत काढायचा नाही," काकू म्हणाल्या. "आणि हललात तुम्ही. मी नाही."