मामांची काउंटी

जगात जे काही दुसऱ्या नंबरावर आहे, त्या सगळ्याचं पालकत्व माझ्या बायकोच्या मामांनी घेतलेलं आहे. आंब्याच्या दिवसांत आम्ही हापूस शोधत फिरतो, तेव्हा मामा पायरीची पेटी घेऊन घरी येतात, कारण "हापूसला विचारणारे खूप आहेत हो!" अबू धाबीतल्या आमच्या गणेशोत्सवात मुलांची गाण्याची स्पर्धा असते. पहिल्या आलेल्याला ट्रॉफी मिळते. दुसऱ्याला मामा, कोणी बोलावलेलं नसताना, स्टेजवर चढून खजुरांचा भलामोठा डबा देतात आणि त्याच्या गाण्यातली प्रत्येक चांगली जागा माइकवरून समजावून सांगतात. हे कौतुक इतकं लांबतं की एका आईने शेवटी परीक्षकांना बाजूला घेऊन विचारलं, "पुढच्या वर्षी आमच्या सईला दुसरी आणता येईल का?"

अशा माणसाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ब्रेंडन राहायला आला. आयर्लंडचा शाळामास्तर, पन्नाशीचा, एकटा आणि कमालीचा अबोल. अल रीम बेटावरच्या त्यांच्या टॉवरची लिफ्ट एकदा बंद पडली, आत हे दोघंच. ब्रेंडनच्या अंगात हिरवी-पिवळी जर्सी होती. मामांनी कुठल्या टीमची म्हणून विचारलं आणि लिफ्टवाला येईपर्यंत त्यांनी एक आख्खी काउंटी दत्तक घेतली होती. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. तिथे गेलिक फुटबॉल नावाचा खेळ जिल्ह्याजिल्ह्यांत खेळतात आणि वरच्या स्पर्धेत ज्यांचा निभाव लागत नाही, अशा टीमसाठी वेगळा, दुय्यम चषक असतो. हे मला सांगताना मामांनी दोन्ही हात जोडले. "जावईबापू, मागे राहिलेल्यांसाठी वेगळा चषक! काय माणसं असतील ती!"

खेळ त्यांनी आम्हाला जेवणाच्या टेबलावर शिकवला. चेंडू हाताने धरायचा, पायानेही मारायचा. गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, लांबून मारून दांडीवरून गेला तर दोन, जाळीत गेला तर तीन. मिठाचं भांडं गोलकीपर झालं, आमटीचं पातेलं जाळी. मामांनी टिचकी मारलेला वाटाणा थेट आमटीत पडला. "तीन!" मामा ओरडले. मामी म्हणाल्या, "खलास. आता पातेलं तुम्हीच घासा."

काउंटीचा गोलकीपर कियन हा ब्रेंडनचा सख्खा पुतण्या होता. आठवडाभर लोकांच्या घरी वायरिंग करायचा आणि उरलेल्या वेळात खेळायचा. "पण पगार?" मामांनी विचारलं. पगार नसतो, सगळे हौसेने खेळतात. "मग हरल्यावर काय होतं?" ब्रेंडन विचार करून म्हणाला, "सोमवारी दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे विचारतात, का हरलास." त्या दिवसापासून मामा कियनला 'आपला पोरगा' म्हणू लागले.

आणि काउंटी फायनलला पोचली. ब्रेंडनने विमानाचं तिकीट काढलं, पण त्याच आठवड्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तो दार लावून बसला. मामांनी ते दार ठोठावलं आणि जाहीर केलं, "फायनल माझ्या घरी. यल्ला, चला तयारीला!" जुलैच्या भाजत्या उन्हात ते मला ड्रॅगन मार्ट नावाच्या मोठ्या बाजारात घेऊन गेले. हिरवी-पिवळी सजावट फक्त हळदी-मेंदीच्या सामानात मिळाली. त्यामुळे संध्याकाळी ब्रेंडन कुबड्या टेकत आला तेव्हा दारावर झेंडूच्या कागदी माळा, भिंतीवर घुंगरांची तोरणं आणि सोफ्यावर नवरदेवाला देतात तशी उशी, असा थाट होता. त्याने दारातूनच एकेक माळ न्याहाळली. मग म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?"

मॅच मात्र अशी रंगली की मामींचे साबुदाणा वडे ताटातच गार झाले. अगदी शेवटपर्यंत बरोबरी होती. कियनने चेंडू मैदानात लांब मारला, तो नेमका समोरच्याच्या हातात गेला आणि त्याने जवळ येऊन तो दांडीवरून घालवला. भोंगा वाजला. एका गुणाने हरलो. पडद्यावर कियन तोंड झाकून गवतात बसलेला दिसत होता. "इट्स ओव्हर, आजोबा," माझी मुलगी हळूच म्हणाली.

थोड्या वेळाने ब्रेंडनचा फोन वाजू लागला. कियनच होता. ब्रेंडन नुसता फोनकडे बघत राहिला. मामांनी फोन त्याच्या हातातून घेतला, कानाला लावला आणि ऐन वेळी इंग्रजीच विसरले. "बाळा, जेवलास का?" मग भानावर येऊन तेच इंग्रजीतून विचारलं. पलीकडून बारीक आवाजात 'नाही' आलं. "मग आधी जेव," मामा म्हणाले. "हरल्याचं नंतर बघू. ते कुठे जात नाही." पलीकडे कियन हसला की रडला, ते आम्हाला कळलं नाही. ब्रेंडनने मात्र मामांचा हात घट्ट धरला होता.

हिवाळ्यात कियन प्रत्यक्ष आला, पण ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत, दोन दिवसांसाठी. तिकडे काम चांगलं मिळत होतं. गावातले बरेच मित्र आधीच गेले होते. मामींनी वाढलेलं सगळं चाटूनपुसून खात त्याने सांगितलं की काउंटीची जर्सी परत केली, आता खेळ संपला. मला वाटलं, मामा आता भाषण देणार. ज्या माणसाने कधी कुठल्या विषयावर मत राखून ठेवलं नाही, तो माणूस कियनच्या ताटात आणखी एक पोळी वाढून उठला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आम्ही सगळे टॉवरखालच्या हिरवळीवर गेलो. कियनने सामानातून चेंडू काढला आणि वर, पार विसाव्या मजल्याच्या बाल्कन्यांपर्यंत गेलासा वाटावा इतका उंच मारला. मामा चपला घालून त्याच्याखाली धावले. चुकला. परत मारला, परत चुकला. मामी ओरडत होत्या, ब्रेंडन पोट धरून हसत होता. शेवटी एक चेंडू मामांनी छातीशी झेलला आणि त्याच्यासकट धपकन खाली बसले. आम्ही धावलो. लागलं काहीच नव्हतं. गवतावर मांडी घालून, चेंडू दोन्ही हातांनी कवटाळून ते कियनकडे बघत होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "दम लागलाय."

पलीकडे कियनला विमानतळावर नेणारी टॅक्सी येऊन उभी होती. त्यांच्याकडे चेंडू मागायला कोणीच पुढे झालं नाही.