मामींच्या दंडावरची चकती

मामांच्या सलूनमध्ये मी कित्येक वर्षं दाढी करून घेतोय. त्यांचा वस्तरा माझ्या गळ्यापाशी असताना त्यांच्याशी वाद घालायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते आणि म्हणून त्यांची बायको मामी. मामी दुकानामागच्या दोन खोल्यांत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतात. मोजकं बोलतात आणि खोटं तर त्यांना बोलताच येत नाही, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं.

मामांना साखरेचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. त्याची गोम अशी, की सुई टोचून जेवायला उशीर झाला तर साखर धाडकन खाली येते आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. वेळेत कुणी गोड भरवलं नाही तर जिवावरही बेततं. आता सलूनवाल्याला जेवायची वेळ कुठली असणार? पोटात कावळे ओरडत असले तरी खुर्चीतलं डोकं अर्धं सोडून उठता येत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिने पहिल्या पगारातून बापासाठी एक यंत्र आणलं. दंडावर चिकटवायची बिल्ल्याएवढी चकती. ती साखर मोजते, आकडा मामांच्या फोनवर पाठवते आणि तिथून तो मुलीच्या फोनवर जातो. साखर उतरायला लागली की दोन्ही फोन कोकलतात. मामांनी आठवडाभर ते सगळ्या गिऱ्हाइकांना बाही वर करून दाखवलं.

मग मुलीचे फोन सुरू झाले. बाबा, आत्ता काय खाल्लंत? बाबा, आकडा उतरतोय, बिस्कीट खा. एकदा मामा दुपारी बाकड्यावर चकतीच्या बाजूच्या कुशीवर लवंडले, दंड अंगाखाली दाबला गेला आणि चकतीने भलताच कमी आकडा दाखवला. मुलीने समोरच्या औषधवाल्याला फोन लावला. तो बिचारा साखरेची पुडी घेऊन पळत आला आणि घोरणाऱ्या मामांच्या तोंडात त्याने ती ओतली. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. हसणाऱ्यांत मीही होतो. मामांना मात्र ते लागलं. घरी जाऊन म्हणाले, पोरीने माझ्या अंगावर पोलीस चौकी बसवलीय.

चकती ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. पुढची नवी आली तेव्हा मामांनी ती मामींच्या दंडावर लावली आणि आपला फोनही त्यांच्याकडेच ठेवला. एवढीच एक खेप, म्हणाले. ती एक खेप काही संपली नाही.

"मी नाही म्हणायला हवं होतं," मामी मला नंतर म्हणाल्या. "पण खरं सांगू? त्या फोनांना मीही कंटाळले होते. घर कसं शांत झालं."

मामी धडधाकट, त्यामुळे आकडा कसा अगदी शहाण्या मुलासारखा. मुलगी खूश झाली. बाबा किती सुधारले, म्हणायची. रोज झोपताना आकडा बघते आणि मग छान झोप लागते, म्हणायची. ते ऐकलं की मामींना खरं सांगवत नसे. उलट त्यांनी चहातली साखर कमी केली. का, तर एकदा त्यांनी शेजारणीकडे केक खाल्ला होता आणि त्यापायी मामांना मुलीची बोलणी खावी लागली होती. नवऱ्याचं पथ्य बायको पाळू लागली आणि नवरा उपाशीपोटी दाढ्या करत राहिला.

परवा सुट्टीचा दिवस होता. दुकानात रांग लागलेली. मामांनी सकाळी सुई टोचलेली, डबा तसाच पडलेला. माझा उजवा गाल झाला आणि डाव्या गालावर वस्तरा टेकवायच्या आत मामांनी तो हळूच काचेपुढे ठेवला. कपाळावर घामाचे थेंब होते. "जरा थांबा हं," म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून खाली घसरत गेले. वस्तरा आधी ठेवला, मग पडले. माणूस असा आहे.

औषधवाला त्यांच्याकडे धावला, मी फेसासकट मागच्या गल्लीत पळालो. मामी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या. मामा पडले, म्हटलं. त्यांनी बाजूचा फोन उचलून पाहिला आणि मला म्हणाल्या, "असं कसं? आकडा तर चांगला आहे."

आणि मग त्यांना कळलं. मी माणसाचा चेहरा तसा उतरलेला पुन्हा पाहू इच्छित नाही.

दवाखान्यात मामांना सलाईनमधून साखर चढवली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले, पण शुद्धीवर यायला वेळ लागेल. संध्याकाळी मुलगी आली. मी अजून अर्ध्या दाढीनेच बसलो होतो, कारण उरलेली दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे गद्दारी. मुलगी बापाचा हात धरून रडत होती. "माझंच चुकलं," म्हणत होती. "आकडा चांगला होता म्हणून मी सकाळपासून एकदाही फोन केला नाही. यंत्र बिघडलं असणार. मीच आणलं ना ते."

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचा दंड घट्ट आवळून धरलेला. मुलीच्या एकेका वाक्याला ती पकड आणखी आवळत होती.

तेवढ्यात दोन्ही फोन कोकलले. एक मुलीच्या हातात, एक मामींच्या पिशवीत. मुलीने आकडा पाहिला आणि ती पांढरी पडली. साखर उतरत होती. ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली. नर्सने मामांच्या बोटाला सुई टोचून मोजलं आणि म्हणाली, अहो, उत्तम आहे की. फोन ओरडतच होता. मुलगी नर्सवर आवाज चढवू लागली, पुन्हा मोजा म्हणाली, आणि बापाची बाही वर करून दंड चाचपू लागली. एक दंड, मग दुसरा.

मामी उठल्या. स्वेटरची बाही वर सरकवून मुलीसमोर उभ्या राहिल्या. आवळून धरलेल्या दंडावर बोटांचे लाल वळ होते आणि त्यांच्यामध्ये ती चकती.

मला वाटलं, आता मुलगी आईला काय काय ऐकवते. पण तिने फोन बंद केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती दिवस, आई?"

"तू छान झोप लागते म्हणायला लागलीस ना," मामी म्हणाल्या, "तेव्हापासून."