मामाजींचा पितळी गिलास आणि खाप्याचे साहेब

लोखंडाच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, गंज अन् किस्से. आमचं दुकान बंद झालं तेव्हा गंज भंगारवाला घेऊन गेला. किस्से त्यानं माझ्याकडेच सोडले. अन् एक पितळी गिलास, तो मीच दिला नाही.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या सीताबर्डीवर आमच्या मामाजींचं हे लोखंडाचं दुकान अन् त्यातच पाण्याच्या पंपांची एजन्सी होती. मी नुकतंच कॉलेज सोडलं होतं. सोडलं म्हणजे काय, वीस वर्षं जुन्या पिवळ्या वहीतून वाचून दाखवणाऱ्या प्रोफेसरला भर वर्गात म्हटलं, "सर, ती वहीच द्या आम्हाला, तुम्ही घरी आराम करा!" माफी माग म्हणाले. मागितली नाही. आजही मागणार नाही. घरच्यांनी मग मला मामाजींच्या दुकानात आणून टाकलं.

मामाजींचं दुखणं वेगळंच होतं. पंपांची कंपनी दक्षिणेतली. किती पंप विकले, किती पडून आहेत, तक्रारी काय, हे दर आठवड्याला इंग्रजीत टाइप करून पाठवायचं. मामाजींचं इंग्रजी 'येस'ला सुरू होऊन 'नो'पाशी संपायचं, माझं शिव्यांपुरतं चांगलं होतं. शेवटी कंपनीनं लिहिलं, रिपोर्ट नीट आला नाही तर एजन्सी काढून घेऊ. असिस्टंट हवाच होता. पण असिस्टंट निवडायची मामाजींची स्वतःची पद्धत होती.

आलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचं, पितळी गिलास भरून पाणी द्यायचं अन् तो पितो कसा ते पाहायचं. गटागट प्याला तर उतावळा. घोट घोट प्याला तर आळशी. अर्धं टाकलं तर उधळ्या. नको म्हणाला तर घमेंडी! सर्टिफिकेटकडे ते ढुंकून पाहत नसत.

"कागद खोटा बोलते गा. नरडं नाही बोलत!"

नापासांना एकच वाक्य: "कळवतो. पत्रानं."

ते पत्र आजवर कोणाला पोचलं नाही. लिहिणार कोण? त्याच्यासाठीच तर माणूस शोधून राहिलो होतो!

* * *

पहिले पास झाले ते एक रिटायर्ड हेडमास्तर, मामाजींचे जुने स्नेही. पाणी असं प्याले की मामाजींनी मान डोलावली.

मास्तरांनी पहिला रिपोर्ट दोन पानी लिहिला. त्यात नागपूरचं ऊन होतं, संत्र्यांचा बहर होता, कंपनीतल्या सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना होती. पंप तेवढे नव्हते. कंपनीची तार आली, 'पंप किती ते ताबडतोब कळवा.'

मास्तरांनी तार वाचली, खिशातून लाल पेन काढलं, तारेतल्या चुका दुरुस्त केल्या, खाली दहापैकी चार गुण दिले अन् तार कंपनीला परत पाठवली!

* * *

दुसरा मामीचा चुलतभाऊ. तो पाणी प्यायच्या आधीच पास होता, मामी आतून पाहत होती.

दोन दिवस तो टाइपरायटरसमोर नुसता बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊजी, कोण्या येड्यानं बनवली ही मशीन? एबीसीडी लाइनीत नाही!" अन् सगळ्या बटनांवरच्या टोप्या उपटून त्यानं ओळीनं ए टू झेड बसवल्या.

मामाजी खूश. "पाह्य, याले म्हणतात शिस्त!"

टोप्या बदलल्या, आतले खिळे जिथल्या तिथंच. त्या आठवड्याचा रिपोर्ट कोणत्याच भाषेत नव्हता. मी आधीच सांगून पाहिलं होतं. पण आमच्या घरात पन्नाशीच्या आतल्या माणसाचं शहाणपण मोजत नसत.

* * *

मग मे महिन्यात, भर दुपारी, शशिकला निमजे आली. सावनेरच्या पुढच्या खाप्याहून, विणकरांच्या गावाहून, एस.टी.नं. सावनेरला टायपिंग शिकलेली, हातात सर्टिफिकेट. मामाजींनी तिला पायरीवरच थांबवलं.

"बायांले ठेवत नाही आम्ही. कळवतो. पत्रानं."

त्या उन्हात गिलाससुद्धा पुढं केला नाही. माझं डोकं सटकलं. मी तिच्या मागं स्टँडपर्यंत गेलो.

"घरी मशीन आहे?"

"आहे भाऊ. बाबानं हातमाग विकून घेतली. विणकराच्या घरी मागच नाही म्हणून लोक हसतात. कामच नाही भेटलं तर मशीन विकाची म्हणते आई, अन् माझं लगन करून टाकाचं."

दुसऱ्या दिवशी मी मामाजींना सांगितलं, खाप्याला एक एस. निमजे म्हणून आहेत, घरूनच काम करतात, दुकानात येणार नाहीत.

"माणूस पाहिल्याबिगर?"

"मामाजी, पाहून ठेवलेले दोन पाहिले ना!"

एका खाकी थैलीत कागद घालून सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. संध्याकाळच्या बसनं टाइप होऊन परत. पहिलाच रिपोर्ट एका पानाचा आला. पंप किती, पडून किती, तक्रारी तीन. कंपनीनं उलट टपाली आभार मानले!

मामाजी जन्मात कोणाला साहेब म्हणाले नव्हते. त्या दिवसापासून म्हणू लागले, "खाप्याचे साहेब."

* * *

थैली चार वर्षं चालली. मामाजी दिवाळीला थैलीतून साहेबांसाठी पांढरी टोपी पाठवायचे, हिवाळ्यात संत्री, अन् दर खेपेला सुपारीची पुडी. सुपारी कंडक्टर खायचा.

मी एकदा खाप्याला जाऊन आलो. मागावर बसणाऱ्यानं पाय सोडायचा जमिनीतला खड्डा त्यांनी बुजवला नव्हता. शशिकला त्याच खड्ड्यात पाय सोडून, काठावर मशीन ठेवून टाइप करायची. गिलासाचा किस्सा मी तिला तिथंच सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "मले तर तो दिलाच नाही."

मामाजींचा राग मीच कागदावर उतरवून पाठवायचो. एकदा त्यांनी कंपनीला चोर, लबाड अन् आणखी बरंच काही म्हटलं. थैलीतून कंपनीच्या नावे टाइप झालेलं पत्र आलं, त्यात एवढंच, 'आपल्याकडून अशी अपेक्षा नव्हती.' सोबत मला चिठ्ठी, 'भाऊ, बाकीचा राग उद्याच्या बसनं पाठवा, एका पानात मावला नाही.'

कंपनीनं चक्क माफी मागितली. मामाजींनी मांडीवर थाप मारली.

"पाहिलं? असं झापा लागते! साहेबांनी एक शब्द गाळला नसंन!"

कधीकधी वाटतं, माझं अख्खं तारुण्य त्या थैलीची वाट पाहण्यात गेलं. चांगलं गेलं.

* * *

मग कंपनीचं पत्र आलं. एजन्सी पक्की, अन् रिपोर्ट लिहिणाऱ्याचं खास कौतुक. मामाजींनी कोट चढवला.

"चाल, खाप्याले जाऊ. साहेबांले दुकानात खुर्ची देतो. फक्त एक डाव पाणी पाजून पाहतो. बिनपरीक्षेचा माणूस डोक्यात टोचून राहिला मले."

अन् पितळी गिलास टॉवेलात गुंडाळून घेतला!

मी बसमध्ये सावनेरपर्यंत कारणं सांगत होतो. साहेब गावाला गेले असतील. साहेब आजारी आहेत. साहेबांना माणसं आवडत नाहीत. सावनेरनंतर कारणं संपली. मला माझं काही नव्हतं, मी अजून एखादी जागा सोडली असती. पण तिची मशीन जाणार होती.

दार उघडंच होतं. टकटक ऐकू येत होती. मामाजी आत शिरले अन् थांबले. खड्ड्यात पाय सोडून ती बसली होती. भिंतीच्या खुंट्यांवर ओळीनं चार पांढऱ्या टोप्या, कोऱ्या.

"निमजे साहेब कुठी आहेत?"

"मीच निमजे."

मामाजींनी तिच्याकडं पाहिलं, टोप्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चार वर्षांत पहिल्यांदा मी मान खाली घातली. मे महिन्यातली पायरी त्यांना आठवली, ते कानांच्या रंगावरून कळलं.

शशिकला उठली. त्यांच्या हातातून टॉवेल घेतला, गिलास बाहेर काढला, घासला, माठातून भरला. आतून पाट आणून मांडला.

"बसा मामाजी. प्या."

मामाजी बसले. मी त्यांना इतकं घाबरत पाणी पिताना कधी पाहिलं नव्हतं. पहिला घोट घाईत घेतला, मग आठवण आल्यासारखे थांबले. मग हळू. मग जास्तच हळू झालं असं वाटून पुन्हा घाईत. अर्ध्यावर आले तेव्हा मिशीवरून घाम की पाणी, काय टपकत होतं कळेना. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. ती समोर उभी राहून सगळं पाहत होती.

मामाजींनी गिलास खाली ठेवला अन् बारीक आवाजात विचारलं, "पास आहो का, साहेब?"

शशिकलानं खुंटीवरची थैली काढली, त्या दिवशीचा टाइप झालेला कागद आत घातला अन् थैली त्यांच्या हातात दिली.

"कळवते," ती म्हणाली. "पत्रानं."